अचानक गेलेली श्रवणशक्ती आणि थायरॉइडचा अहवाल: गोळी कमी करावी का?

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीची डाव्या कानाची श्रवणशक्ती गेल्या महिन्यात एकाएकी गेली. त्यावरचे उपचार चालू असतानाच थायरॉइडच्या अहवालावरून दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळे सल्ले दिले आहेत. या मंचावर वैद्यकीय क्षेत्रातील जाणकार आहेत आणि हा अनुभव स्वतः घेतलेले सभासदही आहेत, म्हणून सगळा तपशील क्रमाने मांडतो.

ताई बावन्न वर्षांची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. थायरॉइड कमी असल्याचे तिच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर कळले आणि तेव्हापासून ती थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी घेते, सध्या रोज ७५ मायक्रोग्रॅम. साखर काठावर आहे, औषध नाही. महालक्ष्म्यांच्या धावपळीत गोळीची वेळ पार विस्कटली होती; कधी ती चहाबरोबरच घेतली जायची, तर कधी राहूनच जायची. सण आटोपला आणि एका सकाळी उठल्यावर ती म्हणाली, "डावा कान गच्च झालाय, त्यातून काही ऐकूच येईना, नुसतं गुंई वाजतंय." गावातल्या डॉक्टरांनी सर्दीमुळे कान बंद झाला असेल असे समजून थेंब आणि सर्दीच्या गोळ्या दिल्या. त्यात आठवडा गेला. मोबाइल डाव्या कानाला लावला की पलीकडचे बोलणे मुळीच कळत नाही, हे ध्यानात आल्यावर तिला परभणीला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, डाव्या कानाची सरासरी ६८ डेसिबल आली (आकडा जितका मोठा तितके ऐकू कमी). उजवा कान २० च्या आत आहे. त्यांनी त्याच दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले, रोज ६० मिलिग्रॅम, आणि साखर तपासत राहायला सांगितले.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे हार्मोन) ०.३२ म्हणजे कमी आला, थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनांपैकी फ्री टी-फोर मर्यादेत आहे आणि फ्री टी-थ्री किमान मर्यादेच्या किंचित खाली आहे. उन्हाळ्यात केलेल्या तपासणीत हाच टीएसएच वाढलेला, ८.९ होता. नेहमीच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की टीएसएच खाली गेला म्हणजे गोळी जास्त होते आहे, ती ५० करावी. कानाचे डॉक्टर म्हणतात की सध्या गोळीला हात लावू नका. शिवाय एका नातेवाइकांनी असे सुचवले आहे की टी-थ्री कमी असल्यामुळेच कान बरा होत नसेल, तेव्हा टी-थ्रीची गोळी वेगळी सुरू करावी. थायरॉइडचा आणि कान बरा होण्याचा खरोखर किती संबंध आहे, आणि या अहवालाचा अर्थ कसा लावायचा, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

दुधनाकाठ, मी कान-नाक-घसा विभागात काम करतो. रुग्ण समोर नसताना औषधाची मात्रा ठरवणे योग्य नाही आणि तो तुमच्या डॉक्टरांचा अधिकार आहे; परंतु असा रुग्ण आला की आम्ही विचार कसा करतो, तो मांडतो.

७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन फ्रीक्वेन्सींवर (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणशक्ती कमी झाली आणि दोष आतल्या कानाचा अथवा मज्जातंतूचा असला, तर त्याला आम्ही अचानक आलेला मज्जातंतूजन्य बहिरेपणा म्हणतो. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत निश्चित कारण हाती लागत नाही. विषाणूचा संसर्ग, सूक्ष्म रक्तप्रवाहातील अडथळा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच केलेला हल्ला ही तीन कारणे प्रामुख्याने संभवतात असे मानले जाते.

थायरॉइडचा धागा यातल्या दोन कारणांशी आणि शिवाय आतल्या कानाच्या ऊर्जेशी जुळतो. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच असते आणि तिला पर्यायी फाटा नसतो. कालव्याच्या टेलला असलेल्या शेताला वरून पाणी कमी सुटले की दुसरीकडून ओलावा मिळत नाही, तशी त्या भागाची स्थिती असते. थायरॉइड कमी असताना हृदयाचे कार्य मंदावते, कोलेस्टेरॉल वाढते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, आणि या सगळ्याचा परिणाम अशा टोकाच्या अवयवावर होऊ शकतो. दुसरे असे की कॉक्लियामधील (आतल्या कानातील शंखाकृती भागातील) स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस हा थर पोटॅशियमचा विशिष्ट साठा राखून सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन विद्युतदाब टिकवतो आणि त्याच्या बळावर केसपेशी आवाजाचे संदेशात रूपांतर करतात. हे काम ऊर्जेवर चालते, आणि पेशींच्या ऊर्जावापराची गती ठरवण्यात थायरॉइड हार्मोनचा मोठा वाटा असतो. तिसरा दुवा हाशिमोटोसारख्या स्वयंप्रतिकार आजाराचा आहे. ज्यांच्या शरीरात थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात त्यांच्यात इतर अवयवांविरुद्धही तशी प्रवृत्ती असू शकते.

हे सगळे संभाव्य मार्ग झाले. प्रत्यक्ष रुग्णांकडे पाहिले तर तैवानमधील विमा-नोंदींवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की अचानक बहिरेपणा आलेल्यांमध्ये थायरॉइड कमी असणारे आणि जास्त असणारे, दोन्ही प्रकारचे रुग्ण इतरांपेक्षा अधिक प्रमाणात होते. म्हणजे संबंध आहे. पण तिथून "थायरॉइड दुरुस्त केला की गेलेला कान परत येतो" इथपर्यंत उडी मारता येत नाही. बरे होण्याच्या शक्यतेवरील अभ्यास लहान आणि मागील नोंदी चाळून केलेले आहेत. त्यांपैकी काहींत हार्मोनची पातळी बिघडलेले रुग्ण कमी सुधारले, परंतु अशा रुग्णांचे वय, साखर, कोलेस्टेरॉल आणि सुरुवातीच्या बहिरेपणाची तीव्रता हेही वेगळे असते, आणि या प्रत्येक गोष्टीचा परिणाम स्वतंत्रपणे होत असतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. कानाला दिवस मोजून मिळतात. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. त्याने पुरेसा फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. थायरॉक्सिनचे काम मात्र आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या गतीने चालते. म्हणून थायरॉइडच्या अहवालाची वाट पाहत स्टेरॉइड लांबवणे चूक आहे, आणि स्टेरॉइड चालू असताना आलेल्या अहवालावरून घाईने थायरॉक्सिन कमीजास्त करणेही चूक आहे. तुमच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केले, हे उत्तम केले.

तेरणाथडी (निलंगा)

माझा अनुभव सांगतो, कारण तो या धाग्याशी थेट जोडलेला आहे. माझा उजवा कान असाच एका रात्रीत गेला होता. स्टेरॉइड सुरू करतानाच घेतलेल्या रक्तात टीएसएच २० च्या पुढे निघाला. तोवर मला थायरॉइडचा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. दोन्ही औषधे बरोबरच सुरू झाली आणि पहिल्या दहा-बारा दिवसांतच कान पुष्कळसा मोकळा झाला. आज फोनवरचे बोलणे कळते, फक्त लग्नाच्या मांडवात किंवा बाजाराच्या गर्दीत त्या बाजूने हाक मारलेली कळत नाही. माझा स्वतःचा समज असा आहे की मूळ दुखणे थायरॉइडचे होते आणि त्याच्या गोळीनेच कान सुधारला. त्यामुळे ताईंची गोळी कमी करू नये, उलट वाढवावी असे वाटते.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

तेरणाथडी, तुमचा कान सुधारला याचा आनंद आहे. मात्र तुम्ही दिलेला कालावधीच वेगळे काही सांगतो. रक्तातील थायरॉक्सिन अर्धे होण्यास सुमारे सात दिवस लागतात, आणि नव्या मात्रेची पातळी स्थिर व्हायला साधारण सहा आठवडे जातात. टीएसएच २० च्या पुढे असताना सुरुवातीच्या मात्रेने पहिल्या दहा-बारा दिवसांत शरीरातील कमतरता भरून निघत नाही. त्या मुदतीत जी सुधारणा झाली तिचे श्रेय स्टेरॉइडला किंवा कानाच्या स्वतःच्या सुधारण्याला द्यावे लागेल. उपचार न घेतलेल्यांपैकीही ३२ ते ६५ टक्के रुग्णांत काही ना काही सुधारणा आपोआप होते असे जुने अभ्यास सांगतात, आणि ती बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत होते. यामुळेच या आजारात प्रत्येक उपचाराला यश आल्यासारखे दिसते. तुमची थायरॉइडची गोळी आवश्यकच होती आणि ती चालू ठेवा; कारण तो आजार हृदय, कोलेस्टेरॉल आणि एकूण प्रकृतीच्या दृष्टीने सांभाळायलाच हवा.

गोदातीर (नांदेड)

मी मेडिसिन विभागात काम करतो. कानाबद्दल वरच्या डॉक्टरांनी लिहिलेच आहे. मी फक्त त्या अहवालाबद्दल लिहितो, कारण तो चुकीचा वाचला जाण्याची शक्यता फार आहे.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे हार्मोन आहे. रक्तात थायरॉइड हार्मोन कमी पडले की ते वाढते आणि जास्त झाले की कमी होते. यावरच आम्ही एरवी मात्रा ठरवतो. पण हा नियम तेव्हाच चालतो जेव्हा पिट्युटरीवर दुसऱ्या कोणाचा दाब नसतो. मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड पिट्युटरीतून टीएसएच बाहेर पडणे दाबून टाकते. त्याच वेळी टी-फोरचे टी-थ्रीमध्ये रूपांतर करणाऱ्या डीआयोडिनेज या एन्झाइमलाही ते आवर घालते. परिणामी ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माणसाच्या अहवालात टीएसएच खाली, टी-थ्री खाली आणि टी-फोर जागच्या जागी, असे चित्र दिसते. तुमच्या ताईंचा अहवाल नेमका असाच आहे.

आता गोळी खरोखरच जास्त होत असती तर काय दिसले असते, हे पाहा. टीएसएच खाली गेला असता, पण फ्री टी-फोर वर सरकला असता आणि टी-थ्री कमी तर निश्चितच झाला नसता. शिवाय उन्हाळ्यात याच ७५ मायक्रोग्रॅमवर टीएसएच ८.९ होता, म्हणजे तेव्हा गोळी कमी पडत होती. नंतर सणात काही गोळ्या चुकल्या, काही चहाबरोबर घेतल्या गेल्या. कमी पडणारी गोळी आणखी कमी शोषली गेल्यावर ती एकाएकी जास्त कशी होईल? त्यामुळे ०.३२ हा आकडा प्रेडनिसोलोनचा आहे, थायरॉक्सिनचा नव्हे, असेच मी समजेन. ५० करण्याचे कारण या अहवालात नाही. वाढवण्याचेही नाही. स्टेरॉइड पूर्ण थांबल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर पुन्हा करावे आणि त्यावर मात्रा ठरवावी. याला अपवाद एकच: छातीत धडधड, हातांना थरथर, वजन झपाट्याने उतरणे अशी लक्षणे असतील तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, मात्र धडधड आणि झोप न येणे हे स्टेरॉइडमुळेही होते, हे ध्यानात असू द्यावे.

टी-थ्रीच्या गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. आजारपणात आणि स्टेरॉइडमध्ये टी-थ्री खाली जाणे हा शरीराचा तात्पुरता बदल असतो. टी-थ्री बाहेरून देऊन अचानक गेलेला कान सुधारतो, असे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही. बावन्नव्या वर्षी, स्टेरॉइड चालू असताना आणि साखर काठावर असताना हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका मात्र खरा आहे.

दुधनाकाठ (सेलू)

डॉक्टरसाहेब, तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. टीएसएचबद्दलचे स्पष्टीकरण मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना वाचून दाखवले. त्यांनीही ते मान्य केले आणि गोळी ७५ च ठेवली आहे. आता अडचण रोजच्या औषधांची आहे. ताईला थायरॉक्सिन, प्रेडनिसोलोन, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल आणि कॅल्शियम अशा चार गोळ्या दिल्या आहेत आणि ती सगळ्या सकाळी एकत्रच घेते. शिवाय रोज उपाशीपोटीची साखर १०० च्या आसपास येते, म्हणून घरातले सगळे निश्चिंत आहेत. हे बरोबर आहे का?

कुंडलिका (जालना)

मी औषधविक्रेती आहे आणि हा गोंधळ दुकानात रोज पाहते, म्हणून दादा, थोडे सविस्तर लिहिते.

थायरॉक्सिन उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. आपल्याकडे सकाळचा चहा आधी आणि बाकी सगळे नंतर, ही रीत असल्यामुळे ही गोळी बहुतेक वेळा वाया जाते. पँटोप्राझोल न्याहारीच्या अर्धा तास आधी आणि प्रेडनिसोलोन न्याहारीनंतर, भरल्या पोटी घ्यावे. ते सकाळीच घेतले म्हणजे रात्रीची झोप कमी बिघडते. कॅल्शियम मात्र थायरॉक्सिनपासून किमान चार तास दूर हवे, कारण दोन्ही पोटात एकत्र आले की थायरॉक्सिन कॅल्शियमला चिकटते आणि शोषले जात नाही. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम घेतले तर प्रश्न मिटतो. लोहाच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे. पँटोप्राझोलमुळे पोटातील आम्ल कमी होते आणि ते महिनोन्महिने चालले तर थायरॉक्सिनचे शोषण घटून टीएसएच वाढू शकतो. स्टेरॉइडपुरते काही आठवडे घेतल्याने फारसे बिघडत नाही, पण स्टेरॉइड संपल्यावर ते सवयीने चालू ठेवू नये, डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. थायरॉइडच्या स्त्रिया केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतात. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या तपासणी-पद्धतीत टीएसएच खोटा कमी आणि टी-थ्री, टी-फोर खोटे जास्त दिसू शकतात. ताई ते घेत असतील तर पुढच्या तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद करावे आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे.

गोदातीर (नांदेड)

कुंडलिकाताईंनी गोळ्यांचे अचूक सांगितले आहे. मी साखरेबद्दल लिहितो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर प्रामुख्याने दुपारनंतर आणि संध्याकाळी वाढते. पहाटेपर्यंत ती पुन्हा खाली येते. त्यामुळे उपाशीपोटीची साखर १०० पाहून निश्चिंत होऊ नये. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. ती २०० च्या पुढे जाऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तात्पुरते औषध लागेल, पण म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने थांबवू नका.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची तज्ज्ञ आहे. वर "थायरॉइड हार्मोनशिवाय कान चालत नाही" असा एक सूर काही वाचकांच्या मनात उमटला असेल, म्हणून एक भेद स्पष्ट करते.

कान घडण्याच्या काळात हे हार्मोन अपरिहार्य असते, यात शंका नाही. गर्भात आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात ते मिळाले नाही तर कॉक्लियाची रचनाच अपुरी राहते. ज्या उंदरांत थायरॉइड हार्मोनचा बीटा ग्राहक (हार्मोनला प्रतिसाद देणारे प्रथिन) नसतो, ते बहिरे होतात हे १९९६ मध्ये दाखवले गेले. नवजात बाळाचा टीएसएच वेळेवर तपासणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे. पेंड्रेड सिंड्रोममध्ये बहिरेपणा आणि गलगंड एकत्र दिसतात. व्हॉन पेंड्रेड यांनी त्याचे वर्णन १८९६ मध्ये केले आणि जबाबदार जनुक १९९७ मध्ये सापडले. तिथे बहिरेपणा थायरॉइड कमी असल्यामुळे येत नाही. पेंड्रिन नावाचे एकच प्रथिन कानात आणि थायरॉइडमध्ये, दोन्हीकडे लागते आणि ते सदोष असते. तो आजार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतो, आणि आपल्या मराठवाड्यात मामा-भाची किंवा आत्ये-मामे भावंडांत लग्ने होत असल्यामुळे अशा मुलांकडे आम्ही विशेष लक्ष देतो. या मुलांना डोक्याला किरकोळ मार लागूनही एकाएकी ऐकू येणे कमी होऊ शकते, म्हणून पालकांनी तेवढी काळजी घ्यावी.

परंतु घडलेला कान चालवणे ही वेगळी बाब आहे. बालपणी कान घडवणारे हार्मोन पन्नाशीत मोडलेल्या केसपेशी पुन्हा उभ्या करत नाही; माणसाच्या कॉक्लियातील केसपेशी एकदा मेल्या की नव्याने उगवत नाहीत. अचानक बहिरेपणात जे परत येते ते दुखावलेल्या पण जिवंत असलेल्या पेशींचे काम असते. त्यामुळे सुरुवातीची तीव्रता, चक्कर होती की नव्हती, वय आणि ऑडिओमेट्रीच्या आलेखाचा आकार यांवरून पुढचा अंदाज बांधला जातो. खालच्या फ्रीक्वेन्सी गेल्या आणि वरच्या शाबूत राहिल्या तर परिणाम सहसा चांगला असतो. सर्वच फ्रीक्वेन्सींवर जवळजवळ काहीच ऐकू येत नसेल तर कठीण असते. ६८ डेसिबल हा यातला मधला पल्ला आहे.

सुधारणेचे मोजमाप कसे होते, तेही सांगते, कारण "थोडे बरे वाटते" यावर पुढचा निर्णय घेऊ नये. सीगल यांच्या १९७५ च्या निकषांनुसार शेवटची सरासरी २५ डेसिबलपेक्षा चांगली आली तर पूर्ण सुधारणा, १५ पेक्षा अधिक डेसिबलची भर पडून सरासरी २५ ते ४५ च्या दरम्यान आली तर अंशतः सुधारणा, आणि तेवढीच भर पडूनही ४५ च्या पलीकडे राहिली तर किंचित सुधारणा मानतात. स्टेरॉइडचा कोर्स संपताच ऑडिओमेट्री पुन्हा करून घ्या, म्हणजे इंजेक्शनची मुदत हातात असतानाच निर्णय घेता येईल.

बालाघाट (बीड)

माझा एक साधा प्रश्न आहे. थायरॉइड आयोडीनवर चालते, तर घरात आयोडीनयुक्त मीठ वाढवून किंवा आयोडीनचे थेंब घेऊन कानाला फायदा होईल का? आणि सर्दीने बंद झालेला कान आणि हा कान यांतला फरक खेड्यात बसून ओळखायचा कसा? ताईंचा एक आठवडा त्यातच गेला.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

आयोडीनचे उत्तर लहान आहे: नाही. घरात पोहोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम (दशलक्ष भागांत १५ भाग) आयोडीन असावे असा आपला निकष आहे आणि पाकिटातले असे मीठ नेहमीसारखे खाल्ले की गरज भागते. प्रौढांतील थायरॉइडची कमतरता आज बहुतांशी स्वयंप्रतिकार कारणाने होते, तिथे जादा आयोडीन उलट त्रास वाढवू शकते.

तुमचा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. तोंड मिटून "हंऽऽ" असा एकसारखा खालचा सूर काढा आणि तो कोणत्या कानात घुमतो ते पाहा. मळ, सर्दी किंवा मध्यकर्णातील पाणी यामुळे कान बंद असेल तर तो सूर बंद कानातच मोठा ऐकू येतो. दोष आतल्या कानाचा असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. आम्ही दवाखान्यात ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून करतो ती वेबर चाचणी याच तत्त्वावर चालते. बंद वाटणाऱ्या कानाऐवजी चांगल्या कानात सूर घुमला तर ती तातडी समजावी आणि त्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी ऑडिओमेट्री होईल अशा ठिकाणी जावे. आमच्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, नांदेडला, लातूरला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, सर्वत्र कान-नाक-घसा विभाग आहेत. कापूस वेचणीचे दिवस आहेत, बाजार झाल्यावर बघू, असे म्हणत महिना उलटून आलेले रुग्ण पाहिले की फार वाईट वाटते, कारण तेव्हा देण्यासारखे थोडेच उरलेले असते.

गोदातीर (नांदेड)

एका मुद्द्यावर मांजराकाठ यांचे मत विचारतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारात सरसकट रक्ततपासण्या करू नयेत असे म्हटले आहे. मला ते आपल्याकडे तंतोतंत लागू करणे पटत नाही. तेरणाथडी यांच्यासारखे कित्येक जण, विशेषतः ग्रामीण भागातील चाळिशीपुढच्या स्त्रिया, थायरॉइडची तपासणी आयुष्यात एकदाही न केलेल्या असतात. थकवा आणि अंगदुखी शेतकामाच्या खात्यावर जमा होते. दवाखान्यात येण्याची हीच एक संधी असेल तर टीएसएच करून घ्यावा, असे मला वाटते.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

आपल्यात मतभेद फारसा नाही. त्या सूचनेचा रोख असा आहे की तपासण्यांची लांबलचक यादी केल्याने बहिरेपणाचे कारण सापडत नाही आणि उपचार बदलत नाहीत. हे मला मान्य आहे. टीएसएच मी कानासाठी करत नाही, माणसासाठी करतो. ज्यांना आधीच थायरॉइड आहे, ज्यांच्या गळ्यात गाठ आहे, ज्यांना थकवा, बद्धकोष्ठ, पाळीचा त्रास किंवा वजनवाढ आहे, त्यांचा जरूर करावा. माझा आग्रह एवढाच की रक्त स्टेरॉइडचा पहिला डोस घेण्याआधी काढावे आणि अहवालाची वाट न पाहता डोस त्याच दिवशी द्यावा. त्याच वेळी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) हेही करून घेतले तर साखरेचे पुढचे नियोजन सोपे जाते. याउलट एमआरआय मात्र मी प्रत्येकाला सांगतो, कारण श्रवण-मज्जातंतूवरील गाठ अशा रीतीने प्रथम प्रकट होऊ शकते आणि स्टेरॉइडने कान सुधारला म्हणून ती नाही असे ठरत नाही.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांना उशिरा कळवतो आहे. स्टेरॉइड संपल्यावर केलेल्या ऑडिओमेट्रीत ताईची सरासरी ६८ वरून ५२ वर आली होती. कानाच्या डॉक्टरांनी मुदत पाहून पडद्यातून डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली. प्रत्येक इंजेक्शननंतर तिला कान वर करून कुशीवर झोपवून ठेवत आणि तेवढा वेळ आवंढासुद्धा गिळू नका, बोलू नका असे सांगत. त्यानंतरची सरासरी ३८ आली. खामकाठताईंनी दिलेल्या निकषांप्रमाणे ही अंशतः सुधारणा झाली. एमआरआयमध्ये गाठ नाही. दुपारची साखर २३० पर्यंत गेली होती, त्यासाठी काही आठवडे गोळी लागली, आता ती बंद आहे.

स्टेरॉइड थांबून दीड महिना उलटल्यावर थायरॉइड पुन्हा तपासला, तर टीएसएच ६.४ आला, टी-थ्री आणि टी-फोर दोन्ही मर्यादेत आहेत. म्हणजे गोळी ५० केली असती तर आणखी कमी पडली असती. डॉक्टरांनी मात्रा ७५ च ठेवून आधी चहाच्या अंतराची शिस्त पाळायला सांगितले आहे आणि त्यानंतर पुन्हा तपासू असे म्हटले आहे. कानातली गुंई कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. वर्गात ती आता मुलांना आपल्या उजव्या हाताकडे बसवते. आणखी काही सुधारणा होईल का, आणि टीएसएच पुन्हा केव्हा करावा?

गोदातीर (नांदेड)

गोळी नीट घ्यायला लागल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी करा, आणि त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच गोळी घ्या. तेव्हाही टीएसएच मर्यादेबाहेर असेल तर मात्रा थोडी वाढवावी लागेल. एकदा तो स्थिरावला की वर्षातून एकदा पुरेसे आहे.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

६८ वरून ३८ ही चांगली सुधारणा आहे. यापुढे मिळणारी भर सहसा थोडी असते, तरी सहा महिने पूर्ण होईपर्यंत एक ऑडिओमेट्री अवश्य करा आणि तिच्यात शब्द ओळखण्याची चाचणीही मागून घ्या, कारण ३८ डेसिबलवर आवाज पोहोचतो पण शब्द किती स्पष्ट कळतात हे सरासरीवरून समजत नाही. शब्द कळत असतील आणि वर्गात अडचण येत असेल तर त्या कानाला श्रवणयंत्र लावून पाहता येईल. त्याने गुंईचा त्रासही अनेकांना कमी जाणवतो. आणि उजव्या कानात कधीही असेच गच्च वाटले, तर "हंऽऽ" करून पाहण्यातही वेळ न घालवता ताईंना थेट परभणीला न्या.